‘रिपोर्ट नॉर्मल आहेत’ : न दिसणाऱ्या दुखण्याची पार्श्वभूमी

‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, काळजी करू नका.’ हे ऐकून बहुतेकांना हायसं वाटतं. पण वर्षानुवर्षं कंबर, मान किंवा सगळं अंगच दुखत असलेल्या माणसाचा चेहरा त्या वाक्यासरशी उतरतो. काहीतरी सापडलं असतं तर बरं झालं असतं, असं मनात येतं आणि तसं वाटल्याची लाजही वाटते. फाइलीत आणखी एक कागद जातो. पुढच्या डॉक्टरांकडे पुन्हा पहिल्यापासून सांगायचं. नीटनेटकं जावं तर ‘तुम्ही तर ठणठणीत दिसता’, कण्हत जावं तर ‘फार मनाला लावून घेता’. या पेचाची मुळं बरीच जुनी आहेत.

तत्त्वज्ञ रेने देकार्तच्या मृत्यूनंतर, १६६४ साली, त्याचा मानवी शरीरावरचा फ्रेंच ग्रंथ छापला गेला. पायाला विस्तव लागला की आतली दोरी ओढली जाते आणि मेंदूत जणू घंटा वाजते, असं त्यात समजावलं होतं. ही कल्पना इतकी सोपी की ती वैद्यकात तीनशे वर्षं टिकली. घंटा वाजली म्हणजे दोरी कुणीतरी ओढलीच असणार, आणि ओढणारा सापडला नाही तर शंका थेट रुग्णावरच. पुढे शवविच्छेदन, सूक्ष्मदर्शक आणि १८९५ मधला क्ष-किरणांचा शोध यांमुळे डोळ्यांना दिसतं तेच खरं, ही धारणा आणखी पक्की झाली.

या शंकेला पैशाची धार आली ती रेल्वेमुळे. ब्रिटनमध्ये अपघातातून बचावलेल्या, एकही हाड न मोडलेल्या प्रवाशांची पाठ महिनोन्महिने दुखत राही. जॉन एरिक एरिक्सन या सर्जनने १८६६ मध्ये अशा रुग्णांवर पुस्तक लिहिलं. नुकसानभरपाईचे खटले उभे राहिले. १८८३ मध्ये हर्बर्ट पेज या रेल्वे कंपनीच्याच सर्जनने, ही इजा मणक्याची नसून मानसिक धक्क्याची आहे, असं मांडलं. कामगार भरपाईचे कायदे आल्यावर तर आजाराचं सोंग कसं ओळखावं यावर पुस्तकं निघू लागली. सर जॉन कॉली या डॉक्टरांचं १९१३ चं पुस्तक त्यांतलंच. माझ्या मते खरं वळण इथेच आहे. ‘दुखतंय’ म्हणणं हा दावा ठरला आणि डॉक्टर तो तपासणारा अधिकारी.

त्याच काळात कान देऊन ऐकणारेही होते. अमेरिकन यादवी युद्धात सायलस वेअर मिचेल हे डॉक्टर फिलाडेल्फियातल्या इस्पितळात मज्जातंतूंना गोळी लागलेले सैनिक पाहत होते. जखमा भरून आलेल्या, पण हाताची, पायाची आग थांबत नव्हती. सैनिक हाताला ओलं फडकं गुंडाळून बसत, बुटांत पाणी ओतत. वर्तमानपत्राची सळसळ, वाऱ्याची झुळूक, वॉर्डातून कुणाचं नुसतं चालणं, एवढ्यानेही आग वाढे. मिचेलनी हे सगळं टिपलं आणि त्या वेदनेला ‘कॉझाल्जिया’ हे नाव दिलं. पण याच मिचेलनी ‘नर्व्हस’ ठरवलेल्या स्त्रियांना आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळवून, माणसांपासून तोडून ठेवण्याचा उपचार रूढ केला. सैनिकाचं दुखणं मज्जातंतूचं आणि बाईचं दुखणं स्वभावाचं, ही विभागणी आजही अनेक स्त्रियांच्या वाट्याला येते आणि ती मला अत्यंत अन्यायाची वाटते.

दीर्घकाळ टिकलेली वेदना हे लक्षण नसून स्वतःच एक आजार आहे, हे फ्रेंच सर्जन रेने लेरिश यांनी १९३७ मध्ये ठामपणे लिहिलं. जॉन बोनिका यांनी या विचाराला दवाखान्याचं रूप दिलं. ते भूलतज्ज्ञ आणि एकेकाळचे व्यावसायिक कुस्तीगीर; आखाड्यातल्या दुखापतींचं दुखणं त्यांनी जन्मभर सोसलं. दुसऱ्या महायुद्धात लष्करी इस्पितळात काम करताना त्यांना कळून चुकलं की असा रुग्ण कुठल्याच एका तज्ज्ञाच्या आवाक्यात मावत नाही. म्हणून सगळ्यांनी एकत्र बसून तो पाहावा, असा आग्रह त्यांनी धरला. १९७३ मध्ये त्यांनी बोलावलेल्या संशोधकांच्या बैठकीतून वेदनेच्या अभ्यासाची आंतरराष्ट्रीय संघटना जन्माला आली.

मधल्या काळात, १९६५ मध्ये, रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या संशोधकांनी देकार्तची दोरी तोडली होती. मज्जारज्जूत एक ‘फाटक’ आहे, मेंदूकडूनही त्याला हुकूम येतात, त्यामुळे इजा तेवढीच असली तरी वेदना कमीजास्त होते, असं त्यांनी मांडलं. याचा अर्थ अनेकांनी ‘मनाचे खेळ’ असा लावला, आणि तो साफ चुकीचा होता. मेलझॅकनी १९७५ मध्ये आणलेली प्रश्नावली मला फार जवळची वाटते, कारण तिची सुरुवात रुग्णांच्या शब्दांपासून होते : ७८ शब्द, २० गटांत. ठणकतं, ठसठसतं, सणक जाते, चुरचुरतं, भगभगतं, कळ येते, रग लागते, हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. मुंग्या आणि आग म्हटलं की जाणत्या डॉक्टरांचं लक्ष मज्जातंतूकडे जातं. ‘शून्य ते दहा, किती?’ या प्रश्नात हे सगळं वाहून जातं.

१९९० नंतर अमेरिकेत लंबक उलट्या टोकाला गेला. वेदनेची नोंद नाडी-तापासारखी घ्यावी, हा चांगला आग्रह होता. पण त्याच सुमारास अफूजन्य गोळ्यांची जोरदार विक्री सुरू झाली आणि व्यसनाचा धोका नगण्य असल्याचा दिलासा दिला गेला. त्याला आधार म्हणून वारंवार दाखवलं जाई ते १९८० मधलं, इस्पितळात दाखल रुग्णांबद्दलचं, पाच वाक्यांचं एक पत्र. असंख्य माणसं दगावली. या गोळ्यांबाबतच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनंतर अनेकांच्या गोळ्या एकाएकी तोडल्या गेल्या. त्यात किती हाल झाले हे मान्य करून २०२२ मध्ये सूचना सुधाराव्या लागल्या. गोळ्या विकणाऱ्यांच्या फसवणुकीपायी पुन्हा संशय आला तो रुग्णावरच.

फोटोवरचा विश्वासही आता डळमळला आहे. पाठ अजिबात न दुखणाऱ्या ३,११० जणांच्या स्कॅनचा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांत मणक्यांमधल्या चकत्यांची झीज दिसत होती.

२०२० मध्ये त्याच आंतरराष्ट्रीय संघटनेने वेदनेची व्याख्या सुधारली आणि सोबतच्या टिपांत लिहिलं की माणूस दुखतंय म्हणतो, त्या म्हणण्याचा मान राखला जावा. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या रोगसूचीत तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या वेदनेला स्वतंत्र जागा आहे, आणि दुसरा कुठलाही आजार कारण म्हणून न दाखवता येणाऱ्या वेदनेलाही त्यात स्वतःचा सांकेतांक आहे. त्या जाड फाइलीवर, सगळे रिपोर्ट नॉर्मल असतानाही, आता निदान लिहिता येतं.