मिश्री

मिश्री (मशेरी, मिसरी) : तंबाखूचे पान तव्यावर काळे होईपर्यंत भाजून केलेली पूड. महाराष्ट्रात आणि गोव्यात ती बोटाने दातांना व हिरड्यांना चोळतात. लावणाऱ्यांमध्ये बायकाच जास्त. हिंदीत मिश्री म्हणजे खडीसाखर. तिचा इथे संबंध नाही. मिश्री घरात येते ती दात घासायचे साधन म्हणून, आणि टिकते ती व्यसन म्हणून. तिच्याविषयीचे बहुतेक गैरसमज याच दुहेरीपणातून आले आहेत.

पूर्वी दात घासायला गोवरीची राख, कोळसा आणि मीठ वाटून केलेली राखुंडी, कडुनिंबाची नाहीतर बाभळीची काडी वापरत. त्याच रांगेत मिश्री जाऊन बसली. देशात इतरत्रही तिच्या बहिणी आहेत : ओडिशा-छत्तीसगडकडे तंबाखू आणि गूळ यांचा गुडाखू, बिहारकडे गूल, गुजरातेत बज्जर. आपल्याकडे काही जणी तपकीरही दातांना लावतात.

मिश्री बहुधा घरीच भाजतात. चुलीवर लोखंडी तवा तापवायचा, त्यावर पान पसरायचे आणि उलथण्याने हलवत राहायचे. पान आधी आखडते, मग तपकिरी होते, मग काळेभोर. धुराचा ठसका साऱ्या घराला लागतो, लहान मुले खोकत बाहेर पळतात. गार झाल्यावर पान तळहातावर चुरले की भुगा होतो. तो बारीक करून, फडक्यातून गाळून डबीत भरतात. ही डबी उशाशी, कनवटीला किंवा पिशवीत, पण कायम हाताशी असते. लावताना चिमूटभर पूड डाव्या तळव्यावर घेतात आणि उजव्या हाताच्या तर्जनीने आधी पुढचे दात, मग दाढा, मग हिरड्या असे घोळवत राहतात. घासायला दोन मिनिटे पुरतात, पण हे बसणे बराच वेळ चालते. उंबऱ्यात किंवा मोरीशी टेकून बसलेल्या बाईला दिवसभरात स्वतःचा म्हणावा असा तेवढाच वेळ मिळतो. मिश्री सोडायला सांगणाऱ्याने हे विसरू नये.

सुरुवातीची कारणे ठरलेली असतात. दाढ ठणकत होती आणि शेजारणीने चिमूटभर दिली. बाळंतपणानंतर पोट साफ होईना म्हणून सासूने सांगितले. किंवा आजीची मिश्री भाजता भाजता नातीने चव घेतली. तंबाखूतले निकोटिन मेंदूवर काम करते आणि आतड्यांनाही चालना देते, त्यामुळे तात्पुरते बरे वाटते हे खरेच आहे. पण दाढेतली कीड आत पोखरत राहते आणि काही महिन्यांत तलफेने ठाण मांडलेले असते. सकाळी एकदा लावणारी बाई मग जेवणानंतर, दुपारी आणि निजतानाही लावू लागते.

तोंडात काय घडते ते नीट समजून घ्यायला हवे. दातांवर रोज जंतूंचा चिकट थर साचतो. तो वेळेवर निघाला नाही तर लाळेतल्या क्षारांनी दगडासारखा घट्ट होतो. यालाच किटण म्हणतात. लाळेच्या ग्रंथींची तोंडे जिथे उघडतात तिथे, म्हणजे खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला, किटण लवकर धरते. बोट दोन दातांच्या फटीत पोचत नाही, त्यामुळे मिश्रीने दात गुळगुळीत लागले तरी फटींतला थर तसाच राहतो. उलट पुडीच्या खरखरीत कणांनी हिरडीजवळचा दात झिजतो, हिरडी खाली सरकते, मूळ उघडे पडते आणि गार पाण्याने दात शिवशिवतात. निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसत असल्याने हिरडीतून रक्त येण्याची खूणही झाकली जाऊ शकते. रक्त येत नाही म्हणून हिरड्या चांगल्या आहेत असे मानून बाई निर्धास्त राहते आणि आत हाड झिजत जाते. मधुमेह असेल तर ही झीज अधिक वेगाने होते.

दात साफ करून घेतले की हलायला लागतात, ही भीती दवाखान्यात रोज ऐकू येते. हाड झिजल्यामुळे दात आधीच हलत असतो. भोवतीच्या किटणाने त्याला गवंडीकामासारखे लिंपून धरलेले असते. किटण काढले की तो हलणे आणि मधल्या फटी जाणवू लागतात. तरीही ते काढावेच लागते, कारण त्याखाली सूज आणि पू वाढत असतो. सफाईनंतर हिरडी आवळते आणि थोडे हलणारे दात पुष्कळदा सावरतात. वरचा दात काढला की नजर जाते, हा समज मात्र निव्वळ खोटा आहे.

खरा धोका कर्करोगाचा. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने धूरविरहित तंबाखू (न ओढता तोंडात वापरायची, मिश्रीसारखी) माणसात कर्करोग घडवते असे निश्चित ठरवले आहे, आणि तोंड, अन्ननलिका व स्वादुपिंड ही तिने दाखवलेली ठिकाणे आहेत. भाजल्याने तंबाखू निर्धोक होत नाही. तिच्यातली नायट्रोसामाइने ही कर्करोगकारक रसायने राहतातच, शिवाय जळण्यातून तयार होणारे बेंझोपायरीन हे तसेच रसायनही त्यात येते. हिरडीवर किंवा गालाच्या आत न पुसला जाणारा पांढरा चट्टा, लाल डाग, दोन आठवड्यांत न भरलेला व्रण, कारण नसताना हलू लागलेला एखादाच दात, मानेतली गाठ : यांपैकी काहीही दिसले तर थांबू नये. सुरुवातीला हे दुखत नाही, म्हणून ते अंगावर काढले जाते. तुकडा काढून तपासला की रोग पसरतो, या भीतीने कितीतरी जणी मोलाचे महिने घालवतात. तपासणीने रोग पसरत नाही.

गरोदरपणाविषयीचा पुरावा तर थेट मुंबईचा आहे. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मुंबईतल्या 1217 गरोदर स्त्रियांची नोंद ठेवण्यात आली. धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी 105 ग्रॅमने कमी भरले, आणि दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचे प्रमाणही त्यांच्यात जास्त होते.

टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालण्यावर केंद्र सरकारने 1992 मध्ये बंदी घातली आणि 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. 2003 च्या तंबाखू नियंत्रण कायद्याच्या यादीतही तंबाखूयुक्त दंतमंजन आहे. पण पान बाजारातून आणून घरच्या तव्यावर भाजले तर कायद्याचा हात तिथे पोचत नाही. म्हणून मिश्रीचा प्रश्न मुख्यतः दवाखान्यात आणि आशाताईंच्या घरभेटीतच सुटू शकतो.

तिथे विचारण्याची पद्धत महत्त्वाची ठरते. ‘तंबाखू खाता का?’ असे विचारले की बाई मनापासून ‘नाही’ म्हणते, कारण तिच्या लेखी मिश्री हे मंजन आहे. ‘मिश्री लावता का, दिवसातून किती वेळा?’ असे विचारले की खरे उत्तर मिळते. काळे दात बघून तिला चारचौघांत बोलू नये. तसे केले तर ती पुन्हा दवाखान्याची पायरी चढत नाही.

मिश्री सोडल्यावर डोके जड होते, चिडचिड होते, शौचाला होत नाही. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यांत कठीण जातात, पुढे दोन ते चार आठवड्यांत त्रास उतरत जातो. पोटासाठी सकाळी कोमट पाणी, भाजी-फळे आणि चालणे. हाताला चाळा म्हणून बडीशेप किंवा लवंग. तलफ काही मिनिटांत ओसरते, तेवढी निभावायची. गरज पडल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने निकोटिनचा चघळायचा डिंक (गम) घेता येतो. गरोदर स्त्रीने तो स्वतःहून घेऊ नये. 1800-11-2356 या राष्ट्रीय मदतवाहिनीवर तंबाखू सोडण्यासाठी विनामूल्य सल्ला मिळतो. दातांसाठी मऊ ब्रश आणि फ्लोराइड असलेली साधी टूथपेस्ट सकाळी व रात्री पुरेशी आहे. मिश्री सोडल्यावर काहींचे पांढरे चट्टे पुसट होतात, तरी ते डॉक्टरांना दाखवत राहावे. एकाच घरातल्या सासू-सुनांनी मिळून सोडायचे ठरवले तर डबी पुन्हा हाताला लागत नाही आणि तवा भाकरीपुरता उरतो.