एवढ्याशानं काय होतंय?

मूठभर गव्हाचं पीठ घ्या, पाणी घालून घट्ट मळा, जरा वेळ झाकून ठेवा आणि मग तो गोळा नळाच्या बारीक धारेखाली धरून बोटांनी चोळत राहा. आधी दुधासारखं पांढरं पाणी वाहून जातं, ते स्टार्च. गोळा आक्रसत जातो आणि बराच वेळ चोळल्यावर हातात उरतो एक करडा-पिवळसर, रबरासारखा लगदा. ओढला की लांबतो, सोडला की आखडतो. इटलीतल्या बोलोन्या शहरात याकोपो बेकारी या शास्त्रज्ञांनी हाच उद्योग केला होता आणि त्याचा वृत्तांत १७४५ मध्ये छापून आला. या लगद्याचं नाव ग्लुटेन. लॅटिनमध्ये ग्लुटेन म्हणजे सरस, चिकटवायचा पदार्थ. हाताला लागलेला तो लगदा धुवून काढताना नाव किती चपखल आहे ते कळतं.

पाव फुगतो तो याच लगद्यामुळे. ग्लायाडिन आणि ग्लुटेनिन ही गव्हातली प्रथिनं पाणी लागून मळली गेली की एकमेकांत गुंततात आणि यीस्टनं सोडलेला वायू त्या जाळ्यात अडकून राहतो. बार्ली आणि राय ही गव्हाची भावंडं, त्यांच्यातही तशाच जातीची प्रथिनं असतात. म्हणून ज्याला ग्लुटेन बाधतं, त्याला तिन्ही धान्यं सोडावी लागतात. तांदूळ, मका, ज्वारी, बाजरी, क्विनोआ यांत ती नसतात. नावांवर मात्र जाऊ नये. बकव्हीटच्या (म्हणजे कुट्टूच्या) नावात ‘व्हीट’ आहे, पण त्याचं गव्हाशी दूरचंही नातं नाही. ‘ग्लुटिनस राइस’ हा चिकट तांदूळही निर्धोक, त्याचा चिकटपणा स्टार्चचा. उलट सोया सॉस नावानं सोयाबीनचा, पण तो आंबवताना बहुतेक वेळा गहू घातलेला असतो. माल्ट म्हणजे सहसा बार्लीच. ओट्स स्वतः बहुतेकांना चालतात, पण शेतात, गिरणीत आणि गाडीत त्यांना गव्हाची संगत असते, त्यामुळे वेगळे ठेवलेले, तपासलेले ओट्सच घ्यावे लागतात.

हे सगळं ज्याला कायम पाळावं लागतं, त्याला बहुधा सिलिअ‍ॅक हा आजार असतो. जगभरात साधारण शंभरात एकाला तो आहे. ही अ‍ॅलर्जी नव्हे. ग्लुटेनमध्ये प्रोलिन आणि ग्लुटामिन ही अमिनो आम्लं ठासून भरलेली असतात आणि आपल्या पोटातल्या विकरांना, म्हणजे एन्झाइम्सना, अशी साखळी नीट तोडता येत नाही. कोणाच्याच नाही, तुमच्या-माझ्याही नाही. ३३ अमिनो आम्लांचा एक तुकडा तर पचनाला अजिबात दाद देत नाही, हे २००२ मध्ये दाखवलं गेलं. बहुतेकांच्या आतड्यातून असे तुकडे मुकाट्यानं निघून जातात. सिलिअ‍ॅकमध्ये मात्र ट्रान्सग्लुटामिनेज नावाचं शरीराचंच एक विकर त्या तुकड्यात बारीकसा रासायनिक बदल करतं. बदललेला तुकडा प्रतिकारशक्तीच्या पेशींवरच्या, डीक्यू२ किंवा डीक्यू८ या जनुकीय ठेवणीच्या रेणूंत घट्ट बसतो आणि प्रतिकारशक्ती त्याला शत्रू समजते. ही ठेवण ३० ते ४० टक्के लोकांत सापडते, आजार त्यांतल्या थोड्यांनाच होतो. ज्यांना होतो त्यांच्या लहान आतड्याच्या आतल्या बाजूची मखमल झिजते. मखमल म्हणजे अन्नरस शोषून घेणारे बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे. ते सपाट झाले की खाल्लेलं अंगी लागत नाही. जुलाब होतात, रक्त कमी होतं, हाडं विरळ होतात, मुलांची वाढ खुंटते.

यावरचा उपाय आहारात आहे, हे लंडनचे डॉक्टर सॅम्युएल जी यांनी १८८८ मध्येच ओळखलं होतं. कोणता आहार, ते मात्र त्यांना सापडलं नाही. त्यांचा एक बालरुग्ण रोज डच शिंपले खाऊन छान सुधारला, हंगाम संपताच पुन्हा आजारी पडला, आणि पुढच्या हंगामात त्याला पुन्हा शिंपले खाववेनात. कोडं सुटलं ते नेदरलँड्समध्ये. बालरोगतज्ज्ञ विलेम-कारेल डिके यांना गव्हाबद्दल आधीपासूनच संशय होता. १९४४-४५ च्या दुष्काळी हिवाळ्यात पाव मिळेनासा झाला, तेव्हा इतर मुलं खंगत असताना सिलिअ‍ॅकची मुलं सुधारली आणि पाव परतल्यावर पुन्हा बिघडली. डिके यांचा प्रबंध १९५० मध्ये आला. आजही बाजारात यावर मान्य असं औषध नाही. ट्रान्सग्लुटामिनेजलाच अडवणाऱ्या एका गोळीनं २०२१ मध्ये छापलेल्या चाचणीत आतड्याचं नुकसान कमी केलं, पण ती अजून प्रयोगातच आहे. दुकानात मिळणाऱ्या ‘ग्लुटेन पचवणाऱ्या’ गोळ्यांच्या भरवशावर कोणी पाव खाऊ नये.

आता जेवणाच्या टेबलाकडे येऊ. खरी गंमत, म्हणजे खरा वैताग, तिथे आहे. ग्लुटेन सोडलेल्या माणसाला जन्मात सगळ्यांत जास्त वेळा ऐकावं लागणारं वाक्य असेल तर हे: “एवढ्याशानं काय होतंय?” म्हणणारा प्रेमानंच म्हणतो. पण प्रश्न विज्ञानाचा आहे आणि त्याला आकड्यांत उत्तर देता येतं.

पावाच्या एका स्लाइसमध्ये ढोबळमानानं दोन ग्रॅम ग्लुटेन धरा. त्या स्लाइसचे चाळीस सारखे तुकडे केले तर एका तुकड्यात आलं ५० मिलिग्रॅम. इटलीत काही सिलिअ‍ॅक रुग्णांना रोज एवढंच ग्लुटेन कॅप्सूलमधून तीन महिने दिलं गेलं. २००७ मध्ये आलेल्या त्या अभ्यासात आतड्याची मखमल झिजलेली दिसली. रोज १० मिलिग्रॅम, म्हणजे त्या चाळिसाव्या तुकड्याचाही पाचवा हिस्सा, घेणाऱ्या गटात असा स्पष्ट फरक दिसला नाही. पण त्यातल्या एकाची लक्षणं उलटलीच. माणसामाणसांत इतकी तफावत असते. म्हणूनच ‘ग्लुटेन फ्री’ लिहिलेल्या पाकिटांसाठी ठरवलेली आंतरराष्ट्रीय मर्यादा सावध आहे: एक किलो पदार्थात जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम ग्लुटेन. असं पाकिटातलं अन्न दिवसाला अर्धा किलो खाल्लं तरी पोटात १० मिलिग्रॅमच जातं.

तेव्हा ‘एवढंसं’ म्हणजे किती, यावर सगळं आहे. सॅलडवरचे पावाचे चौकोन उचलून बाजूला ठेवले आणि ताट पुढे सरकवलं, तर खाली राहिलेला चुरा सहज त्या चाळिसाव्या तुकड्याएवढा भरेल. दुसरीकडे, शेजारी कोणी पाव खात असेल तर नुसत्या वासानं काही होत नाही. निरोगी त्वचेतूनही ग्लुटेन आत जात नाही. पीठ लागलेला हात धुतला की झालं. मात्र बंद खोलीत मैदा उधळला जात असेल तर गोष्ट वेगळी, कारण ते पीठ हवेत तरंगतं आणि नाकातोंडातून घशाखाली उतरतं.

यजमानाला हे पटत नाही, त्याचं एक कारण त्याला समोर काहीच घडताना दिसत नाही. ‘खाल्लं की, कुठे काय झालं?’ काहींना एक-दोन तासांत मळमळ आणि उलट्या सुरू होतात, तेव्हा रक्तात इंटरल्युकिन-२ हा प्रतिकारशक्तीचा निरोप्या रेणू वाढलेला सापडतो. काहींना दुसऱ्या दिवशी पोट धरून बसावं लागतं. आणि काहींना काहीच जाणवत नाही, पण आतड्यात झीज चालूच असते. हे शेवटचे सगळ्यांत अडचणीत: त्यांच्याकडे दाखवायला पुरावाच नसतो.

स्वयंपाकघरात कशाला किती भ्यायचं, याबद्दलही थोडं मोजमाप झालं आहे. अमेरिकेतल्या २०२० च्या एका अभ्यासात दोन गोष्टींचे निकाल मला फार बोलके वाटले. साधा पाव भाजलेल्या टोस्टरमध्ये ग्लुटेन फ्री पाव भाजला, तर तो २० च्या मर्यादेतच राहिला. या टोस्टरच्या धास्तीनं कित्येक घरांत दोन-दोन टोस्टर आहेत! पण गव्हाचा पास्ता उकळलेल्या पाण्यातच ग्लुटेन फ्री पास्ता शिजवला, तेव्हा मर्यादा ओलांडली गेली. अभ्यास छोटा होता, त्यामुळे टोस्टर आजच देऊन टाका असं मी म्हणणार नाही. पण त्यामागचं कारण समजतं: कोरडा चुरा जिथल्या तिथे राहतो, पाणी सगळीकडे पसरवतं. तळणीच्या तेलाचंही तसंच. पिठात घोळवलेले तुकडे ज्या तेलात तळले, त्यातच तळलेले बटाट्याचे काप बाधू शकतात. ‘तेल इतकं कडक तापतं, त्यात सगळं मरतं’ असं कोणी म्हणेल. मरायला ते जंतू थोडेच आहेत? प्रथिन आहे. उष्णतेनं त्याचा आकार बदलतो, ते नाहीसं होत नाही. सॅनिटायझर फासूनही उपयोग नाही. साबण, पाणी आणि घासणं, एवढंच कामाला येतं.

आणि लोण्याचा डबा. पावावर लोणी फासलेली सुरी पुन्हा डब्यात जाते. नीट निरखून पाहिलं तर लोण्याच्या पृष्ठभागावर तपकिरी ठिपके रुतलेले दिसतात. जॅमच्या बरणीतही असतात, पण ते दिसत नाहीत. घरात दुसरं काही वेगळं ठेवायला जमलं नाही, तरी या दोन गोष्टी मात्र वेगळ्या ठेवाव्यात आणि झाकणावर ठळक खूण करावी.

बाहेरचं खाणं हा वेगळा जुगार. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या हजारो तपासण्यांचा आढावा प्रसिद्ध झाला. लोकांनी खिशातल्या छोट्या यंत्रावर हॉटेलातले ‘ग्लुटेन फ्री’ पदार्थ तपासले होते. जवळपास एक तृतीयांश पदार्थांत ग्लुटेन सापडलं. पिझ्झा-पास्त्यात तर निम्म्याहून जास्त वेळा. यात एक मेख आहे. ज्या पदार्थाचा संशय येतो तोच माणूस तपासून बघतो आणि ती यंत्रं मर्यादेच्या आतलं ग्लुटेनही पकडतात. तरीही पिझ्झाचा आकडा खरा वाटतो, कारण एकच ओटा, एकच भट्टी आणि हवेत पीठ.

वेटरला “यात ग्लुटेन आहे का?” असं विचारणं मला बिनकामाचं वाटतं. उत्तर बहुधा “नाही” असंच येतं, कारण त्याच्या डोळ्यांसमोर पाव असतो आणि ताटात पाव नसतो. त्यापेक्षा “रस्सा घट्ट कशानं केलाय? सॉस कोणता? याच तेलात आणखी काय तळता?” असं विचारावं. या प्रश्नांना उत्तर द्यायला त्याला आत जाऊन विचारावं लागतं, आणि तो आत गेला की निम्मं काम झालं.

पण रोज, प्रत्येक ताटापुढे अशी उलटतपासणी करायची म्हणजे माणूस थकतो. २०१४ च्या एका अभ्यासात रुग्णांना आपापल्या उपचाराचं ओझं किती वाटतं ते विचारलं होतं. सिलिअ‍ॅकच्या रुग्णांनी आहाराला दिलेला आकडा डायलिसिसपर्यंत पोचलेल्या मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या तोडीचा निघाला. पथ्य म्हणजे फुकटातला उपचार असं मानणाऱ्यांनी हे वाचून थोडं थांबावं. २०१८ मध्ये आणखी एक गोष्ट दिसली: अत्यंत कडक पहारा ठेवणाऱ्यांना आहाराची माहिती चांगली होती, पण त्यांच्या आयुष्यातला आनंद कमी होता. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं, हे ठीक. पण काहीजण ताकाच्या भीतीनं घरातूनच बाहेर पडेनासे होतात. लग्नाचं आमंत्रण आलं की डोकेदुखीचं निमित्त सांगतात.

इथे ते वर सांगितलेले आकडे कामाला येतात. वास, स्पर्श, गाळून काढलेली मद्यं यांची धास्ती यादीतून काढून टाकता येते (ऊर्ध्वपातनात, म्हणजे वाफ करून ती पुन्हा थंड करताना, प्रथिन मागेच राहतं; बिअर मात्र नको, ती बार्लीची). उरलेली सावधगिरी तेल, पाणी, सुरी आणि सॉस एवढ्यावर आणली की पंक्तीला बसायला डोकं मोकळं राहतं.

सगळे ग्लुटेन सोडणारे सिलिअ‍ॅकचे नसतात, हेही खरं. काहींना गव्हाची खरीखुरी अ‍ॅलर्जी असते. काहींचं पोट गव्हानं फुगतं, पण तपासण्या कोऱ्या येतात. अशा माणसांवरच्या २०१८ च्या नॉर्वेतल्या प्रयोगात दोषी ठरलं ते ग्लुटेन नव्हे, तर फ्रुक्टान, म्हणजे गव्हातलंच एक कर्बोदक; ते कांदा-लसणातही असतं. म्हणजे काहीजण पाव सोडून कांद्यावर ताव मारत बसतात. यासाठीच एक विनंती: आपल्यालाही तेच असेल अशी शंका आली तर आधी रक्ताची तपासणी करून घ्या, पाव मग सोडा. ग्लुटेन बंद केलं की रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे ज्यांवरून आजार ओळखतात त्या अँटिबॉडीज, उतरत जातात आणि तपासणी खोटा दिलासा देते.

आणि तुमच्याकडे असा पाहुणा येणार असेल तर वेगळं पक्वान्न शोधत बसू नका. अंडी, बटाटे, भात, डाळी, भाज्या, मासे, दूध, फळं यांत मुळातच ग्लुटेन नाही. पाकिटातला महागडा ग्लुटेन फ्री पाव आणलाच तर त्यात लोह सहसा कमीच असतं. स्वयंपाकात वापरलेल्या सॉसची आणि मसाल्यांची पाकिटं फेकू नका, ओट्यावर राहू द्या. त्याला स्वतः वाचू द्या. वाचताना “अरे, विश्वास नाही का?” असं म्हणू नका. सगळे बसायच्या आधी, ओटा पुसून, स्वच्छ डावानं त्याचं ताट पहिलं वाढा. मग डाव कोणत्याही भांड्यात फिरू दे.