लिम्फोमाचा उपचार कुणाला लागू पडेल, हे कशावरून ओळखतात?

सातारा, सोलापूर, अहिल्यानगरहून मानेतली गाठ पुण्याच्या लॅबमध्ये येते, तेव्हा डॉक्टरांना दोन उत्तरं हवी असतात : लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कॅन्सर) कोणत्या प्रकारचा, आणि नेहमीच्या केमोने तो बरा होईल का?

दुसऱ्या प्रश्नाला १९९३ साली आयपीआय या धोका मोजणाऱ्या गुणांकाने पहिला भक्कम आधार दिला. वय ६०च्या वर, रक्तातलं एलडीएच हे एन्झाइम वाढलेलं, आजाराचा तिसरा किंवा चौथा टप्पा, ग्रंथींबाहेर एकाहून जास्त ठिकाणी आजार, हिंडण्याफिरण्याची ताकद खालावलेली. प्रत्येकाला एक गुण, गुण जास्त तितका धोका जास्त. तो आजही काढतात. मात्र रक्त काढताना पेशी फुटल्या की एलडीएच उगाच चढतं, अशा वेळी नमुना परत घ्यावा.

गुण सारखे असूनही काहींचा आजार का उलटतो, याचा उलगडा २००० साली झाला. लिम्फोमाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या डीएलबीसीएल या प्रकारात जनुकांच्या हालचालींवरून दोन गट दिसले, जीसीबी आणि एबीसी. चॉप (चार औषधांची नेहमीची केमो) सारख्या उपचारानंतर एबीसीवाले मागे पडत होते. जनुक तपासणी महाग, म्हणून २००४ मध्ये हान्स पद्धत आली, यात स्लाइडवर पेशींतली तीन प्रथिनं रंगवून पाहतात. सीडी१० निदान तीस टक्के पेशींत दिसलं की जीसीबी. नसेल तर बीसीएल६ पाहायचं. तेही नसेल तर नॉन-जीसीबी. बीसीएल६ असेल तर एमयूएम१ निर्णय देतं : दिसलं तर नॉन-जीसीबी, नाही तर जीसीबी. पद्धत स्वस्त आणि उपयोगी, पण जनुकांच्या निकालाशी दरवेळी जुळत नाही.

त्याहून धोकादायक म्हणजे डबल हिट. एमवायसी आणि बीसीएल२ या दोन्ही जनुकांची जागा बदललेली असली की आर-चॉप (चॉपसोबत रितुक्सिमॅब हे औषध) बहुधा पुरत नाही. हे फिश या जनुकांची जागा दाखवणाऱ्या तपासणीतच कळतं. स्लाइडवर दोन्ही प्रथिनं गडद रंगली तर तो डबल एक्स्प्रेसर, डबल हिट नव्हे. रिपोर्ट वाचताना ही गल्लत फार होते.

या साऱ्या तपासण्या मात्र नमुन्यावर अवलंबून असतात आणि तिथेच जास्त नुकसान होतं. सुईने काढलेल्या थेंबभर पेशींवर भागत नाही. शक्य तिथे अख्खी गाठ काढावी. ती कापून, तिच्या दहापट आकारमानाच्या, दहा टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये ठेवावी. सलाइनमध्ये पाठवलेली गाठ सडते. हाडाचा तुकडा तीव्र आम्लात मऊ केला तर डीएनए तुटतो आणि फिश फसते. बायोप्सीआधी स्टेरॉइड दिलं तर गाठच विरघळू शकते. टीबी समजून दिलेल्या उपचारात स्टेरॉइड असेल तर असं घडतं. आजार उलटल्यास जुन्या ब्लॉकवर (मेणात जपलेल्या आधीच्या नमुन्यावर) विसंबू नये, कारण रितुक्सिमॅबनंतर, ते ज्याला लक्ष्य करतं ते सीडी२० प्रथिन नाहीसं झालेलं असू शकतं.