पूलचे रेटिंग आणि स्त्री-पुरुषांतले अंतर: पार्श्वभूमी

गोव्यात रेटिंग म्हटले की आधी बुद्धिबळ आठवते. भक्ती कुलकर्णी महिला ग्रँडमास्टर आणि इंटरनॅशनल मास्टर झाल्या, २०२५ मध्ये फिडेचा, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाचा, विश्वचषकही इथेच भरला. पूल म्हणजे कोपऱ्यात खिसे असलेल्या टेबलावर काठीने चेंडू मारायचा बिलियर्ड्सच्या जातीचा खेळ, आणि त्याचे रेटिंग त्याच घराण्यातले. म्हणून महिला पूल खेळाडूंचे आकडे पुरुषांच्या खाली का दिसतात, हे समजून घ्यायला बुद्धिबळातल्या एका जुन्या वादापासून सुरुवात केलेली बरी.

अर्पाद एलो यांची रेटिंगची पद्धत अमेरिकी बुद्धिबळ महासंघाने १९६० मध्ये स्वीकारली, फिडेने १९७० मध्ये. रेटिंग हे उंचीसारखे माप नाही. ज्यांच्याशी खेळलात त्यांच्या तुलनेत तुम्ही कुठे, एवढेच ते सांगते. दोन गट आपापल्यातच खेळत राहिले, तर एकीकडचा २३०० आणि दुसरीकडचा २३०० सारखाच असेल याची हमी नाही. महिला बहुतेक महिलांशीच खेळतात, त्यामुळे त्यांचे आकडे खाली राहिले आहेत, असे फिडेने ठरवले आणि १९८६ च्या अखेरीस सक्रिय महिला खेळाडूंना सरसकट १०० गुण वाढवून दिले. वगळले ते एकट्या हंगेरीच्या सूझन पोल्गारला, कारण तिचे रेटिंग पुरुषांशी खेळून मिळवलेले होते. जानेवारी १९८७ च्या यादीत तिचा पहिला क्रमांक गेला. दुखणे ओळखले बरोबर, औषध मात्र भलतेच.

पूलमध्येही दोन गट वेगळेच वाढले. अमेरिकेत महिलांची व्यावसायिक संघटना १९७६ मध्ये उभी राहिली. नाइन-बॉल या पूलच्या प्रकाराची जागतिक स्पर्धा १९९० मध्ये सुरू झाली तीच पुरुष आणि महिला अशा दोन विभागांत. जीन बालुकासने १९७२ पासून सलग सात वेळा महिलांची यूएस ओपन जिंकली आणि पुढे ती पुरुषांच्या स्पर्धांतही उतरली, पण अशा खेळाडू मोजक्याच.

हौशी लीगमध्ये आकडा आणखी थेट ठरला. अमेरिकन पूलप्लेअर्स असोसिएशनच्या एट-बॉल (पूलचा आणखी एक प्रकार) लीगमध्ये पातळ्या २ ते ७. वर्षानुवर्षे नवा पुरुष ४ वर सुरू करत असे, नवी महिला ३ वर. म्हणजे पहिला शॉट मारायच्या आधीच एका पायरीचा फरक. निकाल जमले की पातळी बदलते, पण सुरुवातीच्या सामन्यांचे हँडिकॅप (दुबळ्या खेळाडूला दिलेली सूट) खेळ बघून नव्हे, अंदाजाने ठरलेले असते.

नॉर्थ डकोटातल्या फार्गो शहरात जन्मलेल्या फार्गोरेट या रेटिंग पद्धतीने वेगळी वाट धरली. तिथे सामना कोण जिंकला यापेक्षा प्रत्येकाने किती रॅक (म्हणजे सामन्यातले डाव) जिंकले ते मोजतात, आणि जगभरचे सगळे निकाल एकत्र सोडवून आकडे काढतात. १०० गुणांचा फरक म्हणजे रॅकचे प्रमाण २ ला १, २०० चा म्हणजे ४ ला १. शंभराचा फरक असताना आधी सात रॅक जिंकेल तो विजयी असा सामना खेळला, तर वरचा खेळाडू शंभरपैकी साधारण ९० वेळा जिंकेल. हँडिकॅप लावून वरच्याने ७ आणि खालच्याने ४ करायचे ठरवले, तर वरच्याची शक्यता ५६ टक्क्यांवर येते. ८-४ केले की ४७. एका रॅकने पारडे फिरते ते असे.

मिश्र स्पर्धेत एखादी महिला चार पुरुषांशी खेळली, की त्या चार सामन्यांतून तिच्या गटातल्या सगळ्यांचे आकडे पुरुषांच्या आकड्यांशी जोडले जातात. अशा जोडण्या कमी असल्या की अख्खा गट थोडा वर किंवा खाली सरकलेला राहू शकतो, आणि गटातल्या गटात कितीही रॅक खेळले तरी ती चूक निघत नाही.

तरीही शिखरावरचे अंतर खरे आहे. पहिल्या फळीतले पुरुष ८०० च्या वर, महिलांच्या यादीचे टोक त्याखाली. संख्येचा भाग यात मोठा. वीस पुरुषांमागे एक महिला खेळत असेल, तर सरासरी सारखी असूनही सर्वांत वरचे नाव बहुधा पुरुषाचेच निघेल. जर्मन बुद्धिबळपटूंवरच्या २००९ च्या अभ्यासात पहिला पुरुष-पहिली महिला, दुसरा-दुसरी अशा वरच्या शंभर जोड्यांमधले ९६ टक्के अंतर संख्येनेच समजावता आले. त्या गणितावर पुढे आक्षेपही घेतले गेले. पूलमध्ये ब्रेकचा, म्हणजे डाव उघडणाऱ्या पहिल्या फटक्याचा, वेग आणि नऊ फुटी टेबलावरचा हाताचा पल्ला हेही कारण म्हणून पुढे केले जाते. पल्ल्याचे म्हणणे फारसे टिकत नाही, लांबच्या शॉटला काठी टेकवायचा रेस्ट आहेच. ब्रेकचे थोडे खरे, पण तिथेही नुसत्या जोरापेक्षा चेंडू नेमका लागणे आणि क्यू बॉल (काठीने मारायचा पांढरा चेंडू) टेबलाच्या मध्यावर थांबणे जास्त कामाचे.

पणजी-मडगावकडे स्थानिक स्पर्धा भरवणाऱ्याने यातून एक गोष्ट उचलावी. तक्त्यावर नुसते 'अमुक विजयी' न लिहिता ७-५, ७-२ असे रॅक लिहावेत. ७-६ आणि ७-० यांतला फरक पुसला गेला की पुढचे हँडिकॅप डोळ्यांनी ठरते, आणि मुद्दाम हरून आकडा खाली ठेवणाऱ्याचे फावते. महिलांचा वेगळा ड्रॉ ठेवायचा तर ठेवावा, पण त्याच खेळाडूंना खुल्या ड्रॉमध्येही नाव घालू द्यावे. आणि दोनशेपेक्षा कमी रॅक खेळून आलेला आकडा पेन्सिलीनेच लिहावा: फार्गोरेटही तोवर रेटिंग पक्के धरत नाही.