वाइनचषकाचा आकार आणि आस्वाद

वाइन ज्या चषकातून घेतली जाते त्याच्या पोटाचा फुगीरपणा, तोंडाची रुंदी, उंची आणि काठाची जाडी यांमुळे तिच्या गंधात व त्यायोगे स्वादात जाणवणारा फरक, हा या नोंदीचा विषय आहे. हा फरक खरा आहे. मात्र त्याचे जे कारण अनेक वर्षे सांगितले गेले ते चुकीचे होते आणि त्याची जी मात्रा विक्रेते सांगतात ती बहुधा फुगवलेली असते.

चव आणि स्वाद हे शब्द बोलण्यात एकमेकांच्या जागी येत असले, तरी येथे ते वेगळे ठेवावे लागतात. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (मांसाच्या रश्शासारखी रुचकर चव) एवढ्याच चवी कळतात. तुरटपणा हा तोंड आखडल्याचा स्पर्श असतो. वाइनमध्ये लिंबाची साल, पेरू, मिरी किंवा ओली माती जाणवते असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा ते काम नाकाचे असते. घोट घेण्यापूर्वी चषकातून येणारा वास नाकपुड्यांतून आत जातो आणि गिळताना तोच वास घशाच्या मागील बाजूने पुन्हा नाकात चढतो. सर्दी झाली की उत्तम फोडणीची आमटीही बेचव लागते, ती याच कारणाने. चषकाचा प्रभाव मुख्यतः यांपैकी पहिल्या वाटेवर, म्हणजे घोटाआधीच्या वासावर पडतो.

वाइनमधील गंधद्रव्ये बाष्परूपाने पृष्ठभागावरून सुटतात. पृष्ठभाग जितका मोठा तितकी ती लवकर सुटतात. पण चषकाचे तोंडही तितकेच रुंद असेल तर ती हवेत विरून जातात. म्हणून पोटाशी रुंद आणि तोंडाशी निमुळता, म्हणजे ट्यूलिपच्या कळीसारखा आकार सोयीचा ठरतो. आंतरराष्ट्रीय मानकीकरण संस्थेने 1977 साली वाइनपरीक्षणासाठी जो चषक प्रमाणित केला (मानक क्रमांक 3591), तो याच घडणीचा आहे. त्याची एकूण उंची 155 मिमी, सर्वांत रुंद भागाचा व्यास 65 मिमी, तोंडाचा व्यास 46 मिमी आणि धारणक्षमता सुमारे 215 मिली असते. परीक्षणासाठी त्यात 50 मिली वाइन ओततात. साधा हिशेब केला तर रुंद भागातील पृष्ठभाग सुमारे 33 चौरस सेंमी भरतो आणि तोंड जेमतेम 17 चौरस सेंमीचे उरते. गंध ज्या पृष्ठभागावरून सुटतो त्याच्या निम्म्या वाटेनेच त्याला बाहेर पडावे लागते, आणि वाइनच्या वर तीन चतुर्थांश जागा त्याला साठायला मोकळी असते. हाच चषक काठोकाठ भरला तर त्याच्या आकाराचा काहीही उपयोग उरत नाही. यजमानाचा उदारपणा येथे आस्वादाच्या आड येतो.

चषक दांडीला धरून गोल फिरवला की वाइन भिंतीवर चढते, पातळ थर पसरतो आणि पृष्ठभाग क्षणभर कितीतरी वाढतो. निमुळत्या तोंडामुळे ती बाहेर सांडत नाही. फिरवणे थांबल्यावर भिंतीवरून जे थेंब ओघळतात, ते वाइनच्या उच्च दर्जाचे लक्षण असल्याचा समज आहे. वस्तुतः थरातील अल्कोहोल आधी उडून जाते, तेथील पृष्ठताण वाढतो आणि द्रव वर ओढला जाऊन पुढे थेंबांच्या रूपाने खाली येतो. भौतिकशास्त्रज्ञ जेम्स थॉमसन यांनी 1855 सालीच याचे स्पष्टीकरण दिले होते.

प्रत्येक द्राक्षजातीसाठी वेगळा चषक हवा, ही कल्पना मुख्यतः विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहे. ऑस्ट्रियातील कुफश्टाइन येथील रीडल या काचनिर्मात्या घराण्यातील क्लाउस रीडल यांनी तिला रूप दिले. फ्रान्समधील बर्गंडी प्रांताच्या वाइनसाठी त्यांनी 1958 मध्ये केलेला, सुमारे एक लिटर मावेल एवढ्या पोटाचा चषक न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या संग्रहात आहे. 1973 मध्ये या कंपनीने निरनिराळ्या वाइनसाठी वेगवेगळ्या आकारांची मालिकाच बाजारात आणली. कोरीव नक्षी आणि रंगीत काच बाजूला सारून पातळ, साधी, पारदर्शक काच प्रतिष्ठेची ठरली, ही या परंपरेची मोठी देणगी मानावी लागेल.

या मालिकांच्या समर्थनार्थ एक युक्तिवाद हमखास केला जात असे : चषकाचा काठ वाइनला जिभेच्या ठराविक भागावर सोडतो, गोडी शेंड्यावर, आंबटपणा कडांवर आणि कडवटपणा मागे कळत असल्याने त्यानुसार चव बदलते. जिभेचा हा नकाशाच मुळात चुकीच्या वाचनातून जन्मला. जर्मन संशोधक हेनिग यांनी 1901 साली जिभेच्या निरनिराळ्या भागांच्या संवेदनक्षमतेत आढळणारे किंचित फरक नोंदवले होते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडविन बोरिंग यांनी 1942 च्या आपल्या ग्रंथात ते अशा रीतीने आलेखित केले, की वाचणाऱ्यांना प्रत्येक चवीचा जणू स्वतंत्र प्रांतच आहे असे वाटले. व्हर्जिनिया कॉलिंग्ज यांनी 1974 मध्ये पुन्हा मोजणी केली, तेव्हा फरक आढळले, पण ते नगण्य होते. शिवाय घोट तोंडात गेल्यावर निमिषार्धात सगळीकडे पसरतो. काठाने दिलेली दिशा त्यानंतर उरत नाही.

बाष्पांबाबतचा पुरावा अधिक भक्कम आहे. तोक्यो येथील कोहजी मित्सुबायाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 मध्ये चषकाच्या तोंडावरील अल्कोहोलच्या वाफेचे कॅमेऱ्याने चित्रण केले. 13 अंश सेल्सियसला वाइनचषकाच्या काठालगत वाफेचे कडे दिसले आणि मध्यभागी अल्कोहोल कमी आढळले, म्हणजे नाक मध्यावर आणले तर तिखट झोत टाळून वाइनचा गंध घेता येतो. सरळ पेल्यात किंवा मार्टिनीच्या चषकात असे कडे तयार झाले नाही, आणि तापमान वाढवल्यावर वाइनचषकातही ते दिसेनासे झाले. भारतीय उन्हाळ्यात चषक निवडण्याआधी वाइन गार करण्याकडे लक्ष द्यावे, हे त्यातून निघते.

माणसांवरील प्रयोगांचे निष्कर्ष मात्र संमिश्र आहेत. डेलविच आणि पेल्चॅट यांच्या 2002 मधील प्रयोगात चषक दिसू न देता वास घ्यायला लावल्यावर फरक आढळले, पण थोडे. हुमेल आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये सारख्या उंचीचे व सारख्या तोंडाचे, परंतु वेगळ्या पोटाचे चषक वापरले. त्यात फुगीर चषकातील गंध अधिक तीव्र वाटला. अपेक्षेचा वाटाही येथे मोठा असतो. फ्रान्समधील बोर्दो येथे केलेल्या आणि 2001 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात 54 जणांनी, केवळ लाल रंग मिसळलेल्या पांढऱ्या वाइनचे वर्णन तांबड्या वाइनच्या शब्दांत केले. रंग जर एवढे करू शकतो, तर हातातील नाजूक आणि महागडा चषकही पिणाऱ्याचे मत घडवत असणार, हे उघड आहे. शार्दने आणि सोव्हिन्यॉ ब्लाँ या पांढऱ्या वाइनच्या द्राक्षजातींना स्वतंत्र चषक असलाच पाहिजे, असे म्हणण्याइतका आधार या प्रयोगांतून मिळत नाही. सरळ पेला आणि फुगीर चषक यांतील फरक मात्र कोणालाही घरी पडताळून पाहता येतो.

शॅम्पेन या फसफसणाऱ्या वाइनची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण तिथे वायूही हिशेबात येतो. 750 मिलीच्या बाटलीत सुमारे 9 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. उथळ, पसरट चषकातून तो लवकर निघून जातो. हा आकार फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिच्या वक्षावरून घेतला, ही आख्यायिका रंजक असली तरी निराधार आहे. उंच व अरुंद ‘फ्लूट’मध्ये बुडबुडे टिकतात, परंतु रॅंस विद्यापीठातील जेरार लिजे-बेलेर यांच्या गटाने 2012 मध्ये दाखवले, की त्याच्या तोंडाशी कार्बन डायऑक्साइडची सांद्रताही पसरट चषकापेक्षा जास्त असते, आणि तो नाकाला झोंबतो. त्यामुळे अनेक जाणकार आता शॅम्पेनही ट्यूलिपच्या आकारात देतात. बुडबुडे बहुतांशी काचेवर चिकटलेल्या, पुसण्याच्या फडक्यातून किंवा हवेतून आलेल्या सूक्ष्म तंतूंमधून उठतात. म्हणून काही निर्माते तळाशी मुद्दाम बारीक ओरखडे ठेवतात.

महाराष्ट्रात 2001 च्या द्राक्षप्रक्रिया धोरणानंतर नाशिक परिसरात वाइनरी वाढल्या आणि त्यांच्याबरोबर आस्वादकक्षही आले. एकापाठोपाठ चार-पाच वाइन चाखायच्या असतील तेव्हा सर्वांसाठी एकाच आकाराचा चषक घेणे आवश्यक असते, नाही तर फरक वाइनचा की काचेचा हे कळत नाही. घरगुती वापरासाठी सुमारे 350 ते 450 मिली धारणेचा, पातळ काठाचा आणि तोंडाशी निमुळता एक चषक तांबड्या व पांढऱ्या दोन्हींना पुरतो. तो एक तृतीयांशच भरावा आणि दांडीला धरावा, म्हणजे तळहाताची ऊब वाइनला लागत नाही. कपाटात पालथा ठेवलेला चषक लाकडाचा, कागदाचा किंवा शेजारच्या मसाल्यांचा वास कोंडून ठेवतो. ज्या आकारामुळे वाइनचा गंध जपला जातो, त्याच आकारामुळे हा वासही आत टिकतो. म्हणून ओतण्यापूर्वी रिकाम्या चषकाचा वास घेण्याची परीक्षकांची रीत आहे.