बोहल्यावरून थेट जहाजात: मिशनरी जोडप्यांच्या मागची गोष्ट

आजकाल फेसबुकवर असे फोटो दिसतात बघा, विशी-पंचविशीतलं जोडपं, लग्नाला सहा महिने पण झालेले नसतात, आणि दोघं चर्चतर्फे कुठेतरी थायलंडला नाहीतर केनियाला शाळेत शिकवायला निघालेत, चार बॅगा, मागे एअरपोर्टचा बोर्ड, आणि आईवडील डोळे पुसतायत. आपल्याला वाटतं हे काहीतरी नवीन फॅड असेल. पण नवरा-बायको दोघांनी मिळून जायचं, त्याने उपदेश करायचा आणि तिने शाळा चालवायची, हा साचा दोनशे वर्षांहून जुना आहे आणि तो जिथे घडत गेला त्यात आपली मुंबई आणि आमचं नगर पण येतं, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

सुरुवात अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समध्ये. १८०६ साली विल्यम्स कॉलेजची पाच पोरं पावसाच्या तडाख्यात गवताच्या गंजीच्या आडोशाला बसली आणि तिथे प्रार्थना करताना त्यांनी ठरवलं की आपण आशियात जायचं. त्यातून पुढे १८१० ला अमेरिकन बोर्ड नावाची संस्था उभी राहिली. तोवर अमेरिकेतून समुद्रापार कुणी मिशनरी पाठवलेच नव्हते, त्यामुळे कसं पाठवायचं, किती पैसे लागतात, तिकडे राहू देतात का, कुणालाच काही माहीत नाही. बोर्डाचं मत मात्र पक्कं, शक्यतो लग्न करून जा. एकटा तरुण परमुलखात भरकटेल ही एक भीती, घर कोण सांभाळणार हा दुसरा प्रश्न, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तिकडच्या बायकांपर्यंत परका पुरुष पोचूच शकणार नाही, तिथे बाईच लागणार. म्हणजे बायको ही कामाची गरज होती, पण बोर्डाच्या कागदावर ती मिशनरी नव्हे, 'सहायक मिशनरी'. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग काय, लग्नांची एकच घाई. अडोनिराम जडसन नावाच्या तरुणाने अ‍ॅन हॅसेल्टाइनला मागणी घातली आणि तिच्या वडिलांना जे पत्र लिहिलं ते आज वाचलं तरी अंगावर काटा येतो. त्यात गोडगोड काही नाही, सरळ विचारलंय की पुढच्या वसंतात मुलीला निरोप द्यायला तुम्ही तयार आहात का, या जगात ती तुम्हाला पुन्हा दिसणार नाही हे धरून चालायला तयार आहात का, समुद्राचे धोके, उष्ण हवेचं दुखणं, अपमान, कदाचित भयंकर मरण, हे सगळं मान्य आहे का. आपल्याकडे स्थळ बघताना मुलाकडचे पगार फुगवून सांगतात, आणि हा पठ्ठ्या मरणाची यादी देतोय! वडिलांनी निर्णय मुलीवर सोडला आणि ती हो म्हणाली. ५ फेब्रुवारी १८१२ ला लग्न, दुसऱ्या दिवशी सेलमच्या चर्चमध्ये पाच जणांची दीक्षा, ९ तारखेला सॅम्युएल न्यूएल आणि हॅरिएट अ‍ॅटवूडचं लग्न, आणि १९ तारखेला ही दोन्ही जोडपी 'कॅराव्हॅन' नावाच्या जहाजातून कलकत्त्याला रवाना. हॅरिएट १८ वर्षांची, अ‍ॅन २२. बाकीचे तिघं, म्हणजे गॉर्डन हॉल, ल्यूथर राइस आणि सॅम्युएल नॉट, नॉटची नवी बायको रोक्सानासह, फिलाडेल्फियाहून दुसऱ्या जहाजाने निघाले. राइसचं पण लग्न ठरलं होतं, पण इतक्या लांब यायला नियोजित वधूने चक्क नकार दिला आणि तो एकटाच आला. मला त्या न आलेल्या मुलीबद्दल जास्त कुतूहल वाटतं खरंतर, तिच्यावर कुणी काही लिहीत नाही.

हनिमून म्हणाल तर चार महिन्यांचा, तो पण जहाजावर. आधी समुद्र लागून सगळे आडवे. मग डेकवर कोंबड्या-डुकरांच्या गर्दीत व्यायाम कसा करायचा म्हणून ही कट्टर धार्मिक मंडळी आधी दोरीच्या उड्या मारायला लागली आणि मग चक्क नाचायला, हे अ‍ॅनने स्वतः लिहून ठेवलंय. १७ जून १८१२ ला कलकत्ता, आणि पोचल्यावर काही दिवसांतच ईस्ट इंडिया कंपनीने सांगितलं, चालते व्हा. कंपनीला तेव्हा मिशनरी नकोच होते, धर्माच्या भानगडीत लोक बिथरले तर धंद्याला मार बसेल ही साधी भीती. त्यात नेमकं १८ जूनला अमेरिकेने इंग्लंडविरुद्ध युद्ध पुकारलं, म्हणजे हे आता शत्रूदेशाचे नागरिक!

न्यूएल जोडपं मॉरिशसला निघालं. वाटेत जहाजावरच हॅरिएटला मुलगी झाली आणि पाच दिवसांत गेली, आणि ३० नोव्हेंबर १८१२ ला पोर्ट लुईला हॅरिएट पण गेली, १९ वर्षांची. एकही शाळा नाही, एकही धडा नाही. पण गंमत म्हणा की शोकांतिका, तिची डायरी आणि पत्रं छापली गेली आणि अमेरिकेत इतकी वाचली गेली की पुढच्या कित्येक मुलींनी ते वाचून मिशनऱ्याशी लग्न करायचं ठरवलं. जिने काहीच केलं नाही तिच्या मरणाने सगळ्यात जास्त भरती झाली.

जडसनांची कथा वेगळी. त्यांनी जहाजावर बसून बाप्तिस्म्याच्या प्रश्नाचा अभ्यास केला, म्हणजे तो तान्ह्या बाळाला द्यायचा की बॅप्टिस्ट पंथ म्हणतो तसा जाणत्या माणसालाच, कारण कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूरला विल्यम कॅरीसारख्या बॅप्टिस्ट मिशनऱ्यांशी गाठ पडणार होती आणि वादाची तयारी हवी. अभ्यास करता करता पटलं समोरच्यांचंच, आणि सप्टेंबरमध्ये कलकत्त्यात दोघांनी पुन्हा बाप्तिस्मा घेतला. म्हणजे ज्या बोर्डाने पाठवलं त्याचा पगार गेला, परक्या मुलखात, खिशात पैसे नाहीत. अ‍ॅन आधी म्हणत होती तू हो बॅप्टिस्ट, मी नाही होणार, पण मग तिलाही पटलं. १८१३ च्या जुलैत ते रंगूनला पोचले. तिथे तो पंडिताबरोबर पोथ्या घेऊन बसायचा आणि ती बाजारहाट, नोकरचाकर बघायची, त्यामुळे बोलीभाषा तिला त्याच्या आधी यायला लागली, हे प्रत्येक परदेशी राहिलेल्या जोडप्याला लगेच पटेल. पहिला ब्रह्मी माणूस ख्रिस्ती व्हायला १८१९ उजाडलं. सहा वर्षं. नंतर १८२४ ला इंग्रज-ब्रह्मी युद्ध सुरू झालं, अडोनिरामला इंग्रजांचा हेर समजून तुरुंगात टाकलं, आणि अ‍ॅन गरोदर असताना रोज अधिकाऱ्यांच्या दारात जायची, तुरुंगात जेवण पोचवायची, आणि बायबलच्या ब्रह्मी भाषांतराचं हस्तलिखित कुणाच्या हाती लागू नये म्हणून तिने ते उशीत शिवून नवऱ्याकडे दिलं. तो सुटला, पण २४ ऑक्टोबर १८२६ ला ती गेली, तो कामासाठी दुसरीकडे असताना.

आता मुंबई. हॉल, नॉट आणि रोक्साना ११ फेब्रुवारी १८१३ ला मुंबईत उतरले, म्हणजे मराठी मुलखात अमेरिकन मिशनची सुरुवात ती. गव्हर्नर इव्हान नेपियन, माणूस बरा, पण हुकूम वरचा, हाकलून द्या. एकदा तर हे दोघं पुरुष गुपचूप कोचीनला सटकले आणि पकडून परत आणले गेले. शेवटी १८१३ च्या सनदी कायद्याने मिशनऱ्यांना भारतात यायची वाट मोकळी झाली म्हणून निभावलं. न्यूएल पण सिलोनमार्गे १८१४ ला इथे पोचला, एकटा. नॉट जोडपं आजारपणामुळे १८१५ ला परत गेलं. त्याच वर्षी पहिली शाळा सुरू झाली, नंतर छापखाना आला, आणि १८२४ मध्ये मुलींची शाळा, जी पश्चिम भारतातल्या मुलींच्या सगळ्यात आधीच्या शाळांमध्ये धरतात.

हॉलने १८१६ ला मुंबईतच मार्गारेट लुईस या इंग्रज बाईशी लग्न केलं, तिला हिंदुस्थानी येत होतं, म्हणजे बोर्डाच्या हिशोबाने आदर्श सून. पण मुलं जगेनात. १८२५ मध्ये उरलेल्या दोन मुलांना वाचवायचं म्हणून ती त्यांना घेऊन अमेरिकेला निघाली आणि हॉल कामासाठी इथेच थांबला. त्यातला एक मुलगा वाटेत जहाजावर गेला. आणि १८२६ च्या मार्चमध्ये हॉल नाशिककडे फिरतीवर गेला तर तिथे पटकी (कॉलरा) पेटलेली. जवळची औषधं वाटून टाकली, परत येताना वाटेतल्या एका गावात देवळाच्या ओसरीत रात्र काढली आणि पहाटे त्यालाच पटकी झाली, काही तासांत खेळ संपला. बायकोला तिकडे अमेरिकेत बातमी कधी पोचली असेल विचार करा, जहाजाने, कित्येक महिन्यांनी, तोवर ती त्याला पत्रं लिहीत बसली असणार.

न्यूएलचं पण तसंच. त्याने १८१८ ला मुंबईत फिलोमेला थर्स्टनशी दुसरं लग्न केलं, १८२१ ला पटकीने तो गेला, आणि तिने मिशनच्या छापखान्यातल्या जेम्स गॅरेटशी लग्न केलं. आज हे ऐकून कोणी नाक मुरडेल, पण तिकडे एकट्या बाईला दोनच पर्याय होते, परतीचं जहाज नाहीतर मिशनमधलाच दुसरा नवरा. ज्या मुलखात विधवेचं दुसरं लग्न म्हणजे आकाश कोसळणं, तिथल्या शेजारणी या लग्नाकडे कशा बघत असतील, हे कुठे नोंदलेलं असतं तर मी आधी ते वाचलं असतं.

याच सुमारास स्कॉटिश लोक आले. जॉन विल्सन आणि मार्गारेट, ऑगस्ट १८२८ ला लग्न आणि फेब्रुवारी १८२९ ला मुंबईत. विल्सन कॉलेज ते याच विल्सनांचं. आधी काही महिने कोकणात हर्णै-बाणकोटकडे राहून मराठी शिकले, आणि मुंबईत परतल्यावर वर्षाच्या आत मार्गारेटने मुलींच्या शाळा काढायला सुरुवात केली. शाळा काढली म्हणजे पाटी लावली की मुली येतात असं नव्हतं हो, घरोघर फिरायचं, मुलगी शिकली की विधवा होते असं ऐकून घ्यायचं, आणि आलेल्या मुली बऱ्याचशा गरीब घरच्या, त्या पण दोन दिवस आल्या की चार दिवस गायब. शाळा, भाषांतर, लेखन आणि वर स्वतःची बाळंतपणं, हे सगळं सहा वर्षं चाललं आणि १९ एप्रिल १८३५ ला ती गेली. शाळा बंद पडू नयेत म्हणून स्कॉटलंडहून तिच्या दोन बहिणी आल्या. नवऱ्याचं नाव कॉलेजवर, तिचं नाव किती जणांना माहितीये?

आता दुसरी बाजू पण सांगायला हवी, नाहीतर हे आरती ओवाळल्यासारखं होईल. शिकवणं हे यांच्यासाठी साधन होतं, हेतू धर्मांतर, आणि ते त्यांनी कधी लपवलं पण नाही. १८३९ ला विल्सनांच्या शाळेतल्या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला तर पारशी समाज पेटून उठला, कोर्टकचेऱ्या झाल्या, पालकांनी धडाधड पोरं काढून घेतली. १८४३ ला नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाला आणि त्याचा धाकटा भाऊ श्रीपत त्याच वाटेवर, तर कोर्टाने श्रीपतला अज्ञान म्हणून बापाच्या ताब्यात दिलं, आणि बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्याला परत जातीत घ्यायला लावलं, त्यावरून बाळशास्त्रींनाच सनातन्यांच्या शिव्या खाव्या लागल्या. त्यामुळे आईबाप मिशनच्या शाळेला घाबरायचे ते काही उगाच नाही.

नगरला अमेरिकन मिशन १८३१ ला आलं, आणि ज्या मिशनऱ्यांनी सुरुवात केली त्यातला हर्वी पुढच्याच वर्षी पटकीने गेला. पण नगरची खरी ओळख एका लग्न न केलेल्या बाईने करून दिली, सिंथिया फरार. ती १८२७ ला मुंबईत आली, नवऱ्याशिवाय, स्वतःच्या नावावर, मुलींच्या शाळा बघायला, आणि पुढे नगरला येऊन १८६२ मध्ये मरेपर्यंत तेच करत राहिली. जोतीराव फुल्यांनी नगरला जाऊन तिच्या शाळा बघितल्या आणि त्यातून पुण्यात मुलींची शाळा काढायचं मनात आलं, हे त्यांनी स्वतः सांगितलंय. सावित्रीबाईंनी नगरला फरारबाईंकडे आणि पुण्यात मिचेलबाईंकडे अध्यापनाचं शिक्षण घेतलं असं सांगतात. मिचेलबाई मात्र पुन्हा साच्यातल्या, मिशनरी मिचेलसाहेबांची पत्नी.

म्हणजे जोडप्याचा साचा हळूहळू सैल झाला. १८६८ ला बोस्टनला बायकांनी स्वतःचं वेगळं बोर्ड काढलं आणि त्यानंतर एकट्या शिक्षिका मोठ्या संख्येने यायला लागल्या, त्यांना आपल्याकडे 'मिसबाई' म्हणायचे. त्याआधीच्या मडमांना शोधायचं झालं तर जुन्या अहवालांत नवऱ्याच्या आडनावामागे 'मिसेस' लावलेलं असतं, तेवढ्यावर भागवावं लागतं.

जोडपी मात्र येतच राहिली. ह्यूम घराणं घ्या. रॉबर्ट विल्सन ह्यूम आणि हॅना १८३९ ला मुंबईत आले, १८४७ ला मुलगा झाला, रॉबर्ट अ‍ॅलन. १८५४ ला बाप आजारी पडून परत निघाला आणि जहाजावरच वारला, आई पोरांना घेऊन अमेरिकेला. मुलगा येलला शिकला आणि १८७४ ला अ‍ॅबी बर्जेसशी लग्न करून त्याच वर्षी नगरला हजर, ती पण मिशनरी घरातलीच. पुन्हा नवं जोडपं, पुन्हा जहाज, फक्त या वेळी नवरदेव मुंबईत जन्मलेला आणि लहानपणी मराठी ऐकत वाढलेला.