चरबीची सुई आणि मांडीवरचे खळगे

हनुवटीखालची चरबी विरघळवणारं इंजेक्शन म्हणून जे दिलं जातं, त्यातलं मुख्य द्रव्य आपल्या सगळ्यांच्या पोटात आधीपासूनच असतं. त्याचं नाव डीऑक्सीकोलिक आम्ल. यकृत पित्तरसातून कोलिक आम्ल सोडतं, आतड्यातले जिवाणू त्याच्या रेणूतला एक हायड्रॉक्सिल गट काढून टाकतात आणि हे आम्ल तयार होतं. बांगड्याचं हुमण आणि शीत जेवल्यावर त्यातलं खोबऱ्याचं तेल पाण्यात मिसळेल इतकं बारीक करायचं काम अशी पित्ताम्लं करतात. त्यांच्या रेणूची एक बाजू पाण्याला धरते, दुसरी तेलाला. साबणही असंच काम करतो.

हेच आम्ल सुईने थेट चरबीत सोडलं तर? पेशीचं पटलही स्निग्ध रेणूंचंच बनलेलं असतं. ते फाटतं, मेदपेशी फुटते, आतली चरबी बाहेर पडते. मग त्या जागी सूज येते आणि शरीरातल्या भक्षक पेशी पुढचे काही आठवडे तो कचरा उचलत राहतात. आम्लाला मेदपेशी ओळखता येते असं मात्र नाही. त्वचेत आणि स्नायूंत प्रथिनं भरपूर असतात, ती या आम्लाला बांधून ठेवतात आणि त्याचा जोर कमी करतात. चरबीत प्रथिनं कमी, म्हणून तिथे ते मोकळं सुटतं. तरी सुई जरा उथळ गेली तर त्वचेलाही जखम होते, ती आम्लाला मेदपेशी ओळखता येत नाही म्हणूनच.

हा शोध लागला तोही आडवाटेने. आधी अशा इंजेक्शनांत सोयाबीनपासून काढलेलं फॉस्फॅटिडिलकोलिन नावाचं स्निग्ध द्रव्य असायचं आणि चरबी तेच वितळवतं असं सगळे धरून चालले होते. डीऑक्सीकोलेट, म्हणजे आपल्या या आम्लाचाच क्षार, त्यात होतं ते फक्त विद्रावक म्हणून. २००४ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दोन्ही वेगवेगळी तपासली, तेव्हा पेशी फोडणारं खरं द्रव्य विद्रावकच निघालं.

पुढे रीतसर चाचण्या झाल्या आणि एप्रिल २०१५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाने (आपल्या गोव्यातल्या, बांबोळीच्या नव्हे) ‘कायबेला’ या नावाने त्याला मान्यता दिली. ही मान्यता फक्त हनुवटीखालच्या चरबीसाठी आहे. एक सेंटीमीटर अंतरावर ०.२ मिलिलिटरचा एकेक टोचा, एका बैठकीत जास्तीत जास्त ५०, दोन बैठकांत किमान महिन्याचं अंतर, आणि बैठका सहापर्यंत. चाचण्यांत ८७ टक्के लोकांना सूज आली, ७२ टक्क्यांना रक्त साकळून काळेनिळे डाग पडले. सुमारे ४ टक्क्यांच्या जबड्याजवळच्या नसेला इजा होऊन हसू वाकडं झालं. ते काही आठवड्यांनी सावरलं.

आता हिशेब करून पाहा. एका बैठकीतले सगळे टोचे मिळून साधारण ५० चौरस सेंटीमीटर जागा भरते, म्हणजे तळहाताएवढीही नाही. तुळशीचं लग्न झालं की गोव्यात लग्नसराई सुरू होते आणि त्याच्या आधी पोट, दंड, मांड्या ‘इंजेक्शनने उतरवून’ घ्यावं असं ज्या मुलींना वाटतं, त्यांनी हा आकडा मनात ठेवावा. पोटाला पुरेल इतकं आम्ल टोचायचं म्हणजे चाचण्यांत तपासलेल्या मात्रेच्या पलीकडे जायचं.

सेल्युलाइटची गोष्ट तर याहून वेगळी, आणि इथेच सगळ्यात जास्त फसगत होते असं मला वाटतं. सेल्युलाइट म्हणजे मांडीवरचे, कुल्ल्यांवरचे खळगे; ते चरबी जास्त झाल्यामुळेच पडतात, ही समजूत खरी नाही. त्वचेला खालच्या थराशी बांधणारे कोलॅजनचे तंतू असतात. स्त्रियांमध्ये ते बहुतांशी उभे, पुरुषांमध्ये तिरके आणि एकमेकांत गुंतलेले. उभे तंतू त्वचेला खाली ओढून धरतात, मधली चरबी वर येते. टाके घातलेल्या कापसाच्या गादीसारखा पृष्ठभाग तयार होतो. गादीतला थोडा कापूस काढला म्हणून टाके सुटत नाहीत. वयात आल्यानंतर ८० ते ९० टक्के स्त्रियांना हे कमीअधिक असतं, सडपातळ स्त्रियांनाही. हा आजार नाही, आळसाची शिक्षा तर मुळीच नाही. माझ्या मते पंधरा-सोळा वर्षांच्या प्रत्येक मुलीला हे कोणीतरी नीट सांगायला हवं.

टाके तोडणारं एक औषध खरोखरच निघालं होतं. क्लॉस्ट्रिडियम हिस्टोलिटिकम या जिवाणूपासून मिळणारं कोलॅजिनेज हे विकर (एन्झाइम) कोलॅजन कापतं. तळहातातल्या गाठीमुळे बोटं आखडतात त्यावर ते आधीपासून वापरात होतं. जुलै २०२० मध्ये ‘क्वो’ या नावाने कुल्ल्यांवरच्या सेल्युलाइटसाठी त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. पण टोचलेल्या जागी मोठे डाग पडत आणि त्वचेचा बदललेला रंग बराच काळ राहत असे. डिसेंबर २०२२ मध्ये कंपनीनेच ते थांबवत असल्याचं जाहीर केलं.

मग पर्वरीपासून मडगावपर्यंत कुठेही कोणी ‘सेल्युलाइटचं इंजेक्शन’ देऊ केलं, तर कुपीत काय आहे हा प्रश्न विचारायलाच हवा. औषधाचं नाव, बॅच नंबर, मुदत आणि टोचणाऱ्याची वैद्यकीय नोंदणी. कुपी आपल्यासमोर उघडायला सांगावी. त्यात उद्धटपणा काही नाही. २०२३ मध्ये अमेरिकी एफडीएने मान्यता नसलेल्या चरबीनाशक इंजेक्शनांबद्दल इशारा दिला, तो कायमचे व्रण, गंभीर संसर्ग आणि त्वचेखालच्या दुखऱ्या गाठी अशा तक्रारी आल्या म्हणूनच.

यातला संसर्ग विशेष फसवा असतो. क्षयाच्या जिवाणूचे काही भाऊबंद पाण्यात, मातीत राहतात. निर्जंतुक न केलेल्या सुईतून किंवा द्रावणातून ते त्वचेखाली गेले की लगेच काहीच दिसत नाही. काही आठवड्यांनी लालसर गाठी येतात, फुटतात, पुन्हा येतात. नेहमीच्या अँटिबायोटिकच्या गोळ्यांनी त्या बहुधा बऱ्या होत नाहीत. गाठीतला नमुना काढून खास कल्चर, म्हणजे त्यातले जिवाणू वाढवून पाहण्याची चाचणी, करावं लागतं आणि उपचार कित्येक महिने चालतात. तेव्हा अशी गाठ आली तर म्हापशाचा नेहमीचा डॉक्टर असो की बांबोळीच्या गोमेकॉतला (गोवा मेडिकल कॉलेजातला) त्वचाविभाग, इंजेक्शन घेतल्याचं आणि ते कधी घेतलं हे आधी सांगावं. लाजेने हीच गोष्ट लपवली जाते, आणि ती कळल्याशिवाय त्या कल्चरचा विचार डॉक्टरच्या मनात येणं कठीण असतं.